बिनपोरांची बोट

गेल्या आठवड्यात आमची थोरली जाऊ मोबाईल हातात धरून सकाळीच आमच्या ओट्यावर येऊन बसली. मी गवार निवडत होते. तिला मी आक्का म्हणते. शेजारचंच घर तिचं, पण कामाशिवाय यायची नाही. तिच्या लग्नाला यंदा पन्नास वर्षं होतायत, म्हणून पुण्याच्या मुलानं आई-वडिलांना बोटीवर पाठवायचं ठरवलंय. त्यानं दोन बोटींचे फोटो पाठवले आणि ‘कुठली ते सांग’ म्हणून तो मोकळा झाला.

“तू दोन्हीवर जाऊन आलीस,” आक्का म्हणाली. “तूच सांग. ती पोराबाळांची बरी, का ती बिनपोरांची?”

बिनपोरांची बोट हे नाव आमच्या गल्लीनं ठेवलेलं. अठरा वर्षांच्या आतल्या कुणालाही त्या बोटीवर घेत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. पण आम्ही जायला निघालो तेव्हा गल्लीत अशी काही कुजबुज झाली, की जणू आम्ही नातवंडांवर रुसून देशोधडीला लागलोय. आक्का तर तेव्हा मला तोंडावर म्हणाली होती, “सोन्यासारखी नातवंडं असताना असल्या बोटीवर कशाला जायचं गं?” आता तीच विचारायला आली होती. मला आतून गुदगुल्या झाल्या, पण तोंड गंभीर ठेवलं. मोठेपणा मिळतोय तर घ्यावा माणसानं.

तिला सांगायचं तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि पहिल्यापासून म्हणजे बोटीच्याही आधीपासून.

मला काय हवं होतं ते सरळ सांगते. मला माझ्या नवऱ्याबरोबर जेवायचं होतं. एका वेळी, समोरासमोर बसून, पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत. हसू येईल, पण चाळीस वर्षांच्या संसारात ते घडलेलं नव्हतं. आमच्या घरात आधी पुरुषाचं ताट. बाई तव्यापाशी. भाकरी फुगली की तव्यावरून थेट त्याच्या ताटात. त्याचं झालं, त्यानं हात धुतला, की मग बाईनं बसायचं. कुणी दम देऊन बसवलेला नियम नाही हा. सासूबाई तसंच करायच्या, मी तसंच केलं.

त्यात आमचे हे साखर कारखान्यात पॅनमन. उसाचा रस आटवून त्यातून साखरेचा दाणा बसवायचा, हे त्यांचं काम. हंगाम सुरू झाला की पाळ्या सुरू, आणि पाळी म्हणजे डबा. मी करून दिलेल्या भाकऱ्या त्यांच्या पोटात जाईपर्यंत गार होऊन चिवट झालेल्या असायच्या. निवृत्त झाले त्या दिवशी हार-नारळ घेऊन घरी आले आणि पाटावर बसत म्हणाले, “बत्तीस वर्षं गार भाकरी खाल्ली. आता मरस्तोवर तव्यावरची.” मला इतकं भरून आलं, की मी लगेच हो म्हणाले. दोनतीन महिन्यांनी ध्यानात आलं, की मी कौतुकाच्या भरात स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. आता मी दोन्ही वेळेला तव्याला बांधलेली, आणि हे सात मिनिटांत जेवून बाहेर.

सात मिनिटं मी अंदाजानं म्हणत नाही. घड्याळ लावून मोजलीत.

म्हणून इंग्लंडात असलेली आमची मुलगी सुट्टीला आली आणि सगळे मिळून मुंबईहून बोटीवर जाऊ म्हणाली, तेव्हा समुद्र, गोवा, बेटं यांच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. माझ्या मनात एकच गणित. तिथं स्वयंपाक दुसरं कुणीतरी करणार. मग हे आणि मी एका वेळी बसणार.

मुलगी, जावई, सहा वर्षांचा नातू, तीन वर्षांची नात आणि आम्ही दोघं. मी आदल्या दिवशी चाळीस धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी केली. बंदरावर सामान तपासणाऱ्या बाईनं डबा उघडला आणि घरचं शिजवलेलं आत चालत नाही म्हणाली. मी तिला सांगितलं, की बाई, हे आठ दिवस टिकतं. ती म्हणाली, नियम आहे. मी म्हणाले, तुमच्या आईनं दिले असते तर? ती जरा घुटमळली, पण नियम तो नियम. मग आम्ही काय केलं, तर रांगेतून बाजूला होऊन तिथंच उभ्या उभ्या धपाटे खायला लागलो. जावई आधी लाजले, मग त्यांनीच सर्वांत जास्त खाल्ले. मागच्या रांगेतल्या एका गुजराती कुटुंबाला दिले, हमालाला दिले आणि उरलेले त्या तपासणाऱ्या बाईच्या हातात कोंबले. तिनं इकडेतिकडे बघून पर्समध्ये टाकले. चाळीसच्या चाळीस संपले. आमची बोट निघायच्या आधीच माझी सहल वसूल झाली.

ती बोट म्हणजे गावची जत्राच. पाण्यात सुळकन घसरणाऱ्या रंगीत नळ्या, त्यातून किंचाळत येणारी पोरं, त्यांच्यामागे टॉवेल घेऊन धावणाऱ्या आया. लिफ्ट उघडली की आतून आठ पोरं आणि एक घामेजलेले आजोबा. दुपारी जादूचे प्रयोग, संध्याकाळी डेकवर गरबा, मध्येच भोंग्यावरून घोषणा. यांची तर चैन. खिशात लिमलेटच्या गोळ्या ठेवायची यांना जुनी सवय, गल्लीतल्या पोरांसाठी. बोटीवर पहिल्या तासातच दोन्ही खिसे रिकामे झाले आणि पुढचे चार दिवस अनोळखी पोरं ‘गोलीवाले दादाजी’ म्हणत यांच्यामागे फिरत राहिली. मलाही मजा आली, खोटं कशाला बोलू? नातीला मांडीवर घेऊन मी पहिल्यांदा भर समुद्र बघितला. ती म्हणाली, “आजी, कॅनॉल केवढा मोठा झाला!” आमच्या मळ्याकडेचा कॅनॉल तेवढा तिनं बघितलेला; आम्हा कोपरगावकरांची नात शोभली.

पण जेवण? जेवायला ही लांब रांग, आपल्या हातानं वाढून घ्यायचं. नातीला वरणभात भरवायचा, नातू पास्ता सोडून कशाला हात लावेना, त्याच्यामागे फिरायचं. मुलगी बिचारी वर्षानं निवांत बसलेली, तिला उठवायला जीव होईना. आणि हे? बरोबर आठला जावयांबरोबर टेबलावर हजर, सात मिनिटांत रिकामे. मी चार दिवस एका हातात नातीचा वाडगा धरून दुसऱ्या हातानं उभ्यानंच काहीबाही तोंडात टाकलं. बोटीवर छत्तीस प्रकारचे पदार्थ होते म्हणे. मला त्यातले नातवंडांनी टाकलेले तेवढे माहीत.

शेवटच्या दुपारी मुलगी माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “आई, आवडलं ना?” मी म्हणाले, लई आवडलं. आणि मग माझ्या तोंडातून आपोआप निघालं, “पुढच्या वेळी आम्हाला दोघांनाच कुठंतरी पाठव.” पोटच्या पोरीला हे सांगताना मी कानापर्यंत लाल झाले असणार. तिनं मला घट्ट मिठी मारली. इंग्लंडात राहून पोर हुशार झाली होती, कारण विचारलं नाही.

दीड वर्षानं तिनं आम्हाला तिकडं बोलावलं आणि नॉर्वेला जाणाऱ्या बोटीचं तिकीट हातात ठेवलं. या बोटीवर लहान मुलं अजिबात नाहीत, असं तिनं सांगितल्यावर यांचा चेहरा उतरला. “मंग तिथं करायचं काय?” म्हणाले. त्यांनी तरीही गोळ्यांचं मोठं पाकीट बॅगेत टाकलं. 

आक्का, ती बोट वेगळीच होती. चढल्याबरोबर माझ्या कानांना काहीतरी चुकल्यासारखं झालं. कुणी ओरडत नव्हतं, कुणी रडत नव्हतं. पोहायच्या तलावाचं पाणी हलतसुद्धा नव्हतं. सगळी मंडळी साठी-सत्तरीची, हातात हात घालून चालणारी, पुस्तक वाचणारी. चार वाजता चहा, पांढऱ्या कपात, बरोबर छोटी छोटी सँडविचेस. संध्याकाळी ठेवणीतले कपडे घालून जेवायला जायचं. मी येवल्याची पैठणी नेसले, यांनी पांढरा नेहरू शर्ट आणि कडक टोपी घातली. लोकांनी यांच्याबरोबर फोटो काढून घेतले. हे कारखान्याच्या सभेला निघाल्यासारखे ताठ.

आणि दोघांसाठी टेबल. दोनच खुर्च्या, मध्ये एक फूल. मी जवळ गेले तशी वाढणाऱ्या बाईनं माझी खुर्ची मागे ओढली. फिलिपिन्सची होती, पन्नाशीची, हसऱ्या तोंडाची. मी सवयीनं यांचं ताट आणायला निघाले, तर तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बसवलं. मुलीनं आधीच शाकाहारी सांगून ठेवलेलं. दोघांची ताटं एकदम आली. एकदम! माझ्या छातीत धडधडायला लागलं, लग्नाच्या पंगतीत झालं नव्हतं एवढं.

मी दोन घास खाल्ले असतील. समोर बघितलं तर यांचं ताट चाटूनपुसून स्वच्छ. त्यांनी तृप्त ढेकर दिली, रुमालाला तोंड पुसलं, म्हणाले, “चल, मी वर हाय,” आणि गेले.

गेले, आक्का! पैठणी नेसलेली मी, समोर रिकामी खुर्ची, आणि अवतीभोवती सगळी जोडपी. सगळ्यांना वाटलं आमचं भांडण झालं. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या मडमेनं उठून माझा हात थोपटला. वाढणारी बाई तर न सांगता दोन वाट्या आइस्क्रीम घेऊन आली. मी दोन्ही खाल्ल्या. रागानं खाल्ल्या. एक माझी आणि एक त्यांची. पण तो राग काही आइस्क्रीमनं उतरेना. सात समुद्र ओलांडून इथवर आले, मध्ये ना तवा, ना नातवंडं, आणि तरीही मी आपली एकटीच जेवतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेकवर मी बोललेच.

“काल मला टाकून गेलात कुठं?”

“वर गेल्तो, हवा खायला. जेवन झालं हुतं की.”

“तुमचं झालं होतं.”

“तुझं नंतरच असतंय की.” त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती. सूर्य पूर्वेला उगवतो तसं माझं नंतर असतं.

मी म्हणाले, “चाळीस वर्षांत तुम्ही मला जेवताना कधी बघितलंय?”

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मनापासून आठवत होते, हे मला दिसत होतं. शेवटी म्हणाले, “लग्नात. घास भरवला हुता तुला. जिलबीचा.”

मला भांडायचं होतं, पण हसूच फुटलं. मग सरळ सांगून टाकलं. “मी नॉर्वे बघायला आलेली नाही. मी तुमच्याबरोबर जेवायला आलेय. माझा शेवटचा घास होईस्तोवर उठायचं नाही. बास.”

त्या संध्याकाळी ते उठले नाहीत. सात मिनिटांत ताट संपवलं आणि दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून बसले, एसटीत उभं राहिलेल्या माणसासारखे. माझं सूप अजून निम्मं होतं. हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी चहासाठी ठेवलेली साखरेची पुडी फोडली आणि काळ्या बशीत ओतून बोटानं पसरली.

“दाना बारीक हाय,” म्हणाले. “पन एकसारखा हाय. कुनीतरी नीट लक्ष दिलंय.”

मग ते बोलायला लागले. पॅनमध्ये रस आटत आला, की काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन उजेडात धरायचा. दाणा बसायला लागला की पॅन सोडून हलायचं नाही. क्षणभर नजर हटली तर सगळी भट्टी बिघडणार. म्हणून डबा तिथंच उभ्यानं खायचा, एक हात व्हॉल्व्हवर आणि एका हातात भाकरी. “सात मिन्टात जेवायची सवय तिथली,” ते म्हणाले. “तू डब्यात काय दिलं हुतं, ते कधीकधी घरी येऊन आठवायचो, तर आठवायचं न्हाई.”

मी चमचा खाली ठेवला. इतकी वर्षं मला वाटत होतं, की उभ्यानं खाणं हे माझ्याच नशिबी आहे, हे मात्र पाटावर बसणारे मानकरी. हा माणूस बत्तीस वर्षं उभ्यानं जेवला होता आणि मला पत्ता नव्हता. मला त्यांची इतकी माया आली, की भर टेबलावर डोळे पुसले. शेजारच्या मडमेला वाटलं, पुन्हा भांडण.

तिसऱ्या दिवशी त्यांना बघायची गोडी लागली. मी जेवताना ते माझ्याकडे पॅनकडे बघावं तसं बघत बसले. मी ताटाच्या कडेला काहीतरी सारतेय हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

“ते काय बाजूला काढती?”

“टोमॅटो.”

“का?”

“मला आवडत नाही.”

“कधीपास्नं?”

“जन्मल्यापासून.”

ते माझ्याकडे बघतच राहिले. यांना टोमॅटो जीव की प्राण, म्हणून चाळीस वर्षं माझ्या प्रत्येक भाजीत टोमॅटो. बाजारातून पिशवी भरून आणायचे आणि वर सांगायचे, तुझ्यासाठी चांगले लालभडक निवडलेत. ते आठवून आधी ते हसायला लागले, मग मी, आणि मग दोघांना आवरेना. वाढणारी बाई धावत आली. तिला काय सांगणार? आम्ही दोघं टोमॅटोकडे बोट दाखवून हसत होतो. तीही हसली.

पुढचे दिवस भुर्रकन गेले. दोन्ही बाजूंना उंच डोंगर, त्यांवरून कोसळणारे धबधबे आणि मधून आमची बोट हळूहळू चाललेली. हे म्हणाले, “भंडारदऱ्यासारखंच हाय की. फक्त हितं कुनी भजी इकत न्हाई.” पोरं नसल्यानं गोळ्यांचं पाकीट पडून होतं. शेवटी यांनी लिफ्टमध्ये एका गोऱ्या आजोबांपुढे हात केला. त्यांनी बिचकत एक घेतली, तोंडात टाकली, डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी ते लिफ्टपाशी आपल्या बायकोला घेऊन उभे होते. उतरेपर्यंत पाकीट संपलं. माणूस सत्तरीचा झाला तरी गोळीसाठी हात पुढे येतोच.

एवढं ऐकून आक्का म्हणाली, “ते सगळं खरं. पन घरी आल्यावर?”

तीच तर माझीही धास्ती होती. बोटीवर काय, कुणीही शहाणा होतो. परतल्यावर पहिल्याच दिवशी मी पीठ मळायला घेतलं तेव्हा माझं मन आधीच समजूत घालत होतं, की बाई, झालं तेवढं पुष्कळ.

आक्काला मी हे सांगत होते तोवर बारा वाजले. हे मळ्यातून आले, पाय धुतले, आत आले. बोलता बोलता माझी गवारीची भाजी आणि सगळ्या भाकऱ्या करून झाल्या होत्या, भाकऱ्या फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवलेल्या. यांनी मांडणीवरून दोन ताटं काढली, खाली मांडली. दुरडी मध्ये ठेवली. एका ताटात मीठ लावलेला टोमॅटो, दुसऱ्यात हिरवी मिरची. गवारीत टोमॅटो नाही. आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

आक्का दारातून बघत होती. तिला राहवेना. “भाऊजी, जेवा की. भाकरी गार व्हईल.”

“व्हऊ द्या वहिनी,” हे म्हणाले. “हिचं येनं व्हऊ द्या. गार भाकरीची मला सवय हाय.”

मी पाणी घेऊन आले, समोर बसले. रोज बसते, पण कुणी बघत असताना बसायची ती पहिलीच वेळ. जरा लाजल्यासारखं झालं. यांनी दुरडीतली वरची भाकरी माझ्या ताटात टाकली आणि मग आपला पहिला घास मोडला.

 आक्काच्या घरी थोरल्या दिरांची जेवायची वेळ झाली होती, तवा टाकायला जायला हवं होतं. ती उठली, पदर सारखा केला, ओट्याच्या पायऱ्या उतरली. आणि तिथून परत वर आली. मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाली, “पोराला फोन लावून दे गं. बोट कुठली बी असू दे. दोन खुर्च्यांचं टेबल हाय का, तेवढं इचार त्याला.”